सांध्यात अडकलेलं कीर्तन

या, असे जवळ सरका. खांबाला टेकलेल्या मंडळींनी पाय थोडे आखडून घ्या, मागं आयाबाया उभ्या आहेत. मोबाइल बंद करा असं मी सांगणार नाही. आजची कथा यंत्राचीच आहे, त्याचा अपमान नको. फक्त आवाज बारीक करा. गोष्ट आहे एका बातमीची. ही बातमी जन्मली नशिराबादला आणि तिला जायचं होतं सोनगीरला. माणूस सकाळी एसटीत बसला तर धुळ्याला गाडी बदलून दुपारच्या जेवणाला सोनगीरला पोचतो. पण ही बातमी टीव्हीवरून निघाली, म्हणून तिला अख्खा चैत्र पुरला नाही. वाटेत एकदा तिचं शेपूट गेलं, एकदा मुंडकं गेलं, एकदा ती धडधाकट पोचली तर घरात उजेडच नव्हता. ऐका तर. हसू आलं तर हसा. कीर्तनात हसलेलं देवाला चालतं, घोरलेलं चालत नाही.

सुकदेव पाटलांना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला राहतात, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' हे वाक्य इतक्यांदा लिहिलं, की प्रमिलाबाईंच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट पुढं सरकवून तेच म्हणायचे. प्रमिलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या ताट उचलून नेत आणि परत आणत नसत. असा सुखाचा संसार.

आणि घरात दैवत म्हणजे सुकदेवरावांच्या मातोश्री, ह.भ.प. कुंदाबाई. नशिराबाद, भुसावळ, बोदवड, कुठल्याही गावी नामसप्ताहाचा मंडप पडला की एक दिवस कुंदाबाईंचा. आता गुडघे बोलू लागले म्हणून खुर्चीत बसून कीर्तन करतात, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाची डुलकी पहिल्या तानेलाच पळते. मी स्वतः त्यांची कीर्तनं ऐकलीत. जेवण सोडून ऐकलीत. म्हणून सांगतो, पुढं जे घडलं त्यात त्या माउलीचा दोष काही नाही. दोष असलाच तर केळ्याचा.

झालं होतं असं. कुंदाबाईंचं माहेर सोनगीर. तिथं त्यांचे थोरले भाऊ मगनआबा. काही वर्षांमागं सोनगीरलाच कुंदाबाईंचं कीर्तन होतं, विषय होता लोभ. लोभ्याचा दृष्टांत म्हणून त्यांनी एक माणूस उभा केला. हा माणूस पाहुण्यासमोर केळं सोलायचा, केळं स्वतः खायचा आणि साल पाहुण्याच्या हातात देऊन म्हणायचा, 'वास तरी घ्या!' मंडप हसला. इथवर ठीक. पण हसून झाल्यावर सगळा मंडप पहिल्या रांगेत बसलेल्या मगनआबांकडे वळला. कुंदाबाईंच्या मनात भाऊ नव्हता हो, नुसतं केळं होतं. पण मगनआबांचा गावातला लौकिकच असा, की दृष्टांताला बरोबर त्यांचंच घर सापडलं. आबा उठले, उपरणं झटकलं आणि चालू कीर्तनातून निघून गेले.

त्या वर्षापासून अखाजीला मुऱ्हाळी येणं बंद झालं. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो: आमच्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झोके बांधतात, गाणी गातात. पण लेकीनं आपण होऊन जायचं नसतं. माहेरचं माणूस न्यायला यावं लागतं, तो मुऱ्हाळी. लेक सोळा वर्षांची असो की पंचाहत्तरीच्या पुढची, मुऱ्हाळी लागतोच. कुंदाबाई दरवर्षी अखाजी जवळ आली की पिशवी भरून उंबऱ्याकडं तोंड करून बसायच्या. उंबऱ्यातून यायचा दूधवाला.

यंदा नशिराबादच्या सप्ताहाआधी त्या लेकाला म्हणाल्या, "सुकदेव, त्या केळ्याचं मी भरून काढणार आहे. भावाचा चांगला दृष्टांत घालते. खरा, घडलेला. पण मगनदादाच्या कानी कसा पडायचा?"

"फोन करून सांग ना, माय."

"माझा आवाज ऐकला की तो म्हणतो, राँग नंबर. स्वतःच्याच आवाजात म्हणतो."

आता मगनआबांचं वर्तमान सोनगीरहून यायचं ते त्यांच्या सुनेकडून. सून दिपमाला मोठी गोड पोरगी, प्रमिलाबाईंशी तिचं फोनवर बोलणं चालूच असे. ती म्हणाली, "वहिनी, आबा बठ्ठा गावशी रुसेल शेतस. पण 'खान्देश वृत्त'वर नही रुसेल." बठ्ठा म्हणजे सगळा.

हे 'खान्देश वृत्त' म्हणजे काय ते जरा नीट ऐका, कथेचा सांधा इथंच आहे. 'लोकदीप' नावाची एक वाहिनी. तिचा मुख्य कारभार दिल्लीचा, बातम्या हिंदीत. पण दिवेलागणीला दिल्लीचा निवेदक म्हणतो, 'अब आप अपने क्षेत्रीय केंद्र से जुड़िए.' मग पडदा निळा होतो, टुंग अशी घंटा वाजते आणि जळगाव केंद्रावरची ताई नमस्कार म्हणून आपल्या मराठीत केळीचे भाव सांगू लागते. थोड्या वेळानं ती म्हणते, 'आता आपण दिल्लीला परत जाऊ.' पुन्हा निळं, पुन्हा टुंग, पुन्हा दिल्ली. सोनगीरला मगनआबा पहिल्या टुंगेला खाटेवर उठून बसत आणि दुसऱ्या टुंगेला रिमोट दाबून टीव्ही बंद करत. "दिल्लीले आपलं काय पडेल शे, ते आपले दिल्लीनं पडाले जोयजे?" असा त्यांचा सवाल. मलाही त्याचं उत्तर माहीत नाही.

सुकदेवरावांनी ठरवलं, मायचं कीर्तन 'खान्देश वृत्त'मध्ये आणायचं. इतकं सोपं काम! आणि इतकं सोपं काम म्हटल्यावर शेजारचे रतिलालभाऊ आलेच. रतिलालभाऊ विम्याचे एजंट होते, आता सल्ल्याचे आहेत. ते म्हणाले, "सुकदेवराव, तिथला जितेंद्र म्हणून वार्ताहर आपल्या साडूच्या गल्लीतला. काम झालंच समजा. तुम्ही फक्त जाकीट शिवून घ्या."

"जाकीट कशाला? कीर्तन माय करणार."

"कॅमेऱ्यात कोण कधी येईल, सांगता येतं?"

जाकीट शिवलं. सप्ताहाच्या दिवशी जितेंद्र कॅमेरा घेऊन नशिराबादला हजर. तो थोडंसं चित्रण करून निघणार, तर सुकदेवरावांनी त्याची बाही धरली. "बंद करायचं नाही. अर्धवट कागद मी आयुष्यात कधी स्वीकारला नाही." बिचाऱ्यानं मग जय जय राम कृष्ण हरीपासून पसायदानापर्यंत सगळं कीर्तन भरून घेतलं, वर पिठलं-भाकरीचा प्रसादही घेतला.

बातमी लागायच्या दिवशी सुकदेवरावांच्या हॉलमध्ये अख्खी कॉलनी. प्रमिलाबाईंनी कैरीचं पन्हं केलेलं. कुंदाबाई मधल्या खुर्चीत, नवं लुगडं नेसून, जणू टीव्हीतल्या माणसांनाही आपण दिसणार. सोनगीरला दिपमालानं आबांना खाटेसह पुढं सरकवून ठेवलेलं. टुंग झाली. केळीचे भाव झाले, नळाचं पाणी झालं, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन झालं, त्याच पुलाची दुरुस्तीही झाली. कुंदाबाईंचा पत्ता नाही. अखेरीस ताई म्हणाली, "नशिराबाद येथील नामसप्ताहात ज्येष्ठ कीर्तनकार ह.भ.प. कुंदाबाई पाटील यांनी..." आणि पडद्यावर कुंदाबाई! हात वर, डोळे मिटलेले, तान घ्यायला तोंड उघडलेलं...

टुंग.

त्याच जागी कोटातला एक गृहस्थ म्हणाला, "पड़ोसी देश से बातचीत के लिए हम तैयार हैं."

हॉलमध्ये पन्ह्याचे पेले तसेच हवेत राहिले. रतिलालभाऊ म्हणाले, "अक्का, हे कधी ठरलं?"

कुंदाबाई म्हणाल्या, "तोंड मी उघडलं, आणि बोलला तो."

दुसऱ्या दिवशी सुकदेवराव जाकीट घालून केंद्रावर. तिथं कामिनी नावाची मुलगी होती. कार्यक्रम दिल्लीकडून घ्यायचा आणि दिल्लीला परत द्यायचा, ते बटण तिच्या हाताखाली. गळ्यात हेडफोन, समोर चहा, आणि चहावर आलेली साय, कारण प्यायला फुरसत नाही.

"काका, तुमची बातमी सांध्यात गेली," ती म्हणाली. "आमच्याकडं असं म्हणतात. रेल्वेचा सांधा असतो ना, रूळ बदलतो तिथं? तसंच. शेवटची बातमी सांध्यात सापडली की गेली."

"एका वाक्यासाठी थांबता आलं नाही?"

"आम्ही थांबू काका. दिल्ली थांबत नाही."

"मग तक्रार कुणाकडं करायची?"

"दिल्लीला."

"दिल्लीला कुणाकडं?"

"ते दिल्लीला विचारावं लागेल."

सुकदेवरावांना भडभडून आलं. हे उत्तर त्यांनी स्वतः जन्मभर लोकांना दिलेलं. पण आपण देताना ते किती भारदस्त वाटायचं, आणि घेताना किती लागतं! तिथूनच त्यांनी घरी फोन लावला आणि रागाच्या भरात म्हणाले, "मायचं सांध्यात अडकलंय!" आणि फोन ठेवून दिला.

फोन घेतला होता प्रमिलाबाईंनी. त्यांनी 'सांध्यात' एवढंच ऐकलं. सुकदेवराव घरी येईपर्यंत कुंदाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं बांधलेली, वरच्या मजल्यावरून निर्गुडीचं तेल आलेलं, रतिलालभाऊंनी व्यायाम करून घेणारा एक तरुण डॉक्टर आणलेला, आणि तो माउलीचा पाय सायकलसारखा फिरवतोय.

"अरे, गुडघ्याचा सांधा नाही, टीव्हीचा!" सुकदेवराव ओरडले.

"असू दे रे," कुंदाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "बरं वाटतंय. टीव्हीलाही थोडं तेल लाव."

रतिलालभाऊंनी मग नवा सल्ला काढला. शेवटची बातमी कापली जाते ना? मग पहिली व्हायचं. आता पहिल्या बातमीला वजन लागतं. कीर्तनाला कुठलं वजन? पण कीर्तनात शेतीचं काही असेल तर? जितेंद्रनं डोकं खाजवून सुचवलं, "ताईंना सांगतो, 'केळी उत्पादकांना ज्येष्ठ कीर्तनकारांचा मोलाचा सल्ला'."

कुंदाबाई ताडकन उठून बसल्या. "केळ्याचं नाव काढायचं नाही! त्यानंच घात केलाय."

"मग कापूस घालू?"

माउलीनं विचार केला. "कापूस चालेल. त्याला साल नसतं."

कीर्तनात 'वाती कापसाच्या' एवढा उल्लेख होताच. त्यावर बातमी उभी राहिली, पहिल्या जागी बसली. पुन्हा कॉलनी, पुन्हा पन्हं. आणि त्याच संध्याकाळी आपण क्रिकेटचा सामना जिंकलो. जिंकलो याचा आनंद आहेच, पण दिल्लीला तो आवरेना. जळगावची वेळ झाली, ताईनं वाचायला सुरुवात केली, तरी दिल्लीवाले उड्याच मारतायत. टुंग वाजली तेव्हा जळगावची ताई म्हणत होती, "...असं कळकळीचं आवाहन कुंदाबाई यांनी कापूस उत्पादकांना केलं. आता इतर बातम्या."

आधी शेपूट गेलं होतं, आता मुंडकं.

सोनगीरला तर भलतंच झालं. मगनआबा खाटेवर उठून बसत होते तोच कानावर पडलं 'कुंदाबाई', 'कळकळीचं आवाहन'. त्यांनी दिपमालाला विचारलं, "आवाहन कसानं? निवडणूकले उभी राहनी का ती?" दिपमाला पदरात हसू दाबतेय तोवर आबा ओट्यावर जाऊन सांगून आले, "आते मतं मांगाले येई. आपलं दार लाई ठेवज्यात." गावात बोलवा उठली. सुकदेवरावांना सोनगीरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला, की मातोश्रींचं चिन्ह काय आहे.

सुकदेवरावांची मान खाली गेली. कॉलनीत आता लोक त्यांना पाहून टुंग करू लागले. गिरणीवाला टुंग करी, रिक्षावाला टुंग करी, आणि जाकीट घातलं असलं की जरा मोठ्यानं करी. तरी हेडक्लार्क तो हेडक्लार्क. शेवट नको, सुरुवात नको, तर मध्ये घाला! जितेंद्रनं दया येऊन बातमी मध्ये घातली, पाण्याचा टँकर आणि हरवलेली म्हैस यांच्या बरोबर मधोमध. आणि काय सांगू! बातमी अथपासून इतिपर्यंत लागली. कुंदाबाई दिसल्या, हात वर दिसला, तान ऐकू आली, भावाच्या दृष्टांताची सुरुवातही आली. कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. रतिलालभाऊंनी आपल्या साडूच्या गल्लीचा जयजयकार केला. सुकदेवरावांनी लगेच सोनगीरला फोन लावला.

"दिपमाला, आबांनी पाहिलं?"

"काय देखतीन दादा? लाइट सकायपाशी गयेल शे."

मंडळी, सुकदेवराव तरी हटले नाहीत. जितेंद्रला पुन्हा विचारलं तर तो म्हणाला, "काका, बातमी आता शिळी झाली." सुकदेवराव एवढंच म्हणाले, "कीर्तन शिळं होत असतं का रे?" आणि जाकीट खुंटीला लावलं.

अखाजी तोंडावर आली. त्या सकाळी कुंदाबाईंनी भरून ठेवलेली पिशवी उघडली. त्यातलं लुगडं काढलं, घडी मोडली, पुन्हा घातली आणि कपाटात ठेवून दिलं. उंबऱ्याकडं पाठ करून बसल्या. "राहू दे रे बाबा," म्हणाल्या. "देवानं तोंड दिलं. कान द्यायचे तर भावानंच द्यावे लागतात."

लेकाला ते पाहवलं नाही. त्यांनी ठरवलं, चित्रणाची प्रत घ्यायची, उद्या आपणच सोनगीर गाठायचं आणि मामाच्या खाटेसमोर मोबाइल धरून उभं राहायचं. मामानं राँग नंबर म्हटलं तरी हलायचं नाही. संध्याकाळी ते केंद्रावर गेले, तेव्हा आत 'खान्देश वृत्त' चालूच होतं. जितेंद्रनं हळूच आत घेतलं, पेन ड्राइव्ह मागितला आणि यंत्रावर कुंदाबाईंचं अख्खं कीर्तन उघडलं. पलीकडं कामिनीचं बोट बटणावर. काचेपल्याड ताई हसून म्हणाली, "आता आपण दिल्लीला परत जाऊ."

कामिनीनं बटण दाबलं.

दिल्ली नव्हती.

निळं नाही, टुंग नाही, कोटातला गृहस्थ नाही. नुसता काळोख. कामिनीनं घाईघाईनं पुन्हा जळगाव लावलं. ताई तशीच हसत बसलेली. लग्नात 'हलू नका' म्हणून फोटोवाला जावा आणि परत येऊच नये, तसं तिचं झालेलं. "हॅलो दिल्ली? हॅलो? दिल्ली, आप हैं?" कामिनी हेडफोनमध्ये ओरडतेय आणि हेडफोनमध्ये वारा वाहतोय.

आता बघा, कीर्तनातही सांधा असतो. बुवा अभंगातून दृष्टांतात शिरतात, कधी घसा कोरडा पडतो, कधी पुढचं आठवत नाही. तेव्हा मागचे टाळकरी काय करतात? 'विठ्ठल विठ्ठल' उचलतात. बुवा पाणी पिऊन घेतात आणि श्रोत्यांना कळतही नाही की मध्ये काही तुटलं होतं. म्हणून आपलं कीर्तन इतकी शतकं चाललंय. टीव्हीनं सगळं घेतलं, टाळकरी तेवढे घेतले नाहीत.

"काहीतरी लाव जितेंद्र!" कामिनी किंचाळली.

"काय लावू? समोर काकांची माय आहे!"

"माय तर माय! लाव!"

आणि जळगावपासून धुळ्यापर्यंत घराघरांत सगळ्यात आधी काय दिसलं? जाकीट घातलेली एक रुंद पाठ. ती पाठ म्हणत होती, "मृदंगवाले बुवा, जरा सरका, माझी माय झाकली जातेय." मग पाठ वळली. तिला वाटत होतं कॅमेरा अजून सुरू झाला नाही. तिनं कॅमेऱ्याच्या काचेत आपले केस सारखे केले, दात पाहिले, दातातला भाकरीचा कण नखानं काढला आणि समाधानानं बाजूला झाली. सुकदेवरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण बोटांच्या फटीतून पाहिलं, कारण आता कुंदाबाई होत्या.

तोंडावरचा एक हात काढून त्यांनी सोनगीरला फोन लावला. "दिपमाला! आबांनी टीव्ही बंद केला का?"

"नही ना दादा. रिमोट हातमा धरीसन बसेल शेतस. टुंग वाजानी वाट देखी राहनात. आज टुंगच नही वाजनी. त्यासनी बहीनच वाजनी!"

जितेंद्रही शहाणा. त्यानं चित्रण पुढं सरकवून थेट दृष्टांतावर आणलं.

कुंदाबाई सांगत होत्या, "भाऊ कसा असतो म्हणाल, तर ऐका. मी लहान होते, अखाजीला आमच्या दारच्या निंबाला झोका बांधायचा माझा मगनदादा. मी म्हणे, मला आधी बसू दे. तो म्हणे, थांब. आधी स्वतः बसायचा. मला वाटायचं, किती हावरा हा! एकदा झोका वर गेला आणि दोर तुटला. दादा तोंडावर आपटला. मी हसले हो, पोरच होते. दादा उठला, नवा दोर आणला, तिढे घातले, पुन्हा आधी स्वतः बसला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हा झोके घेत नाही, हा दोर पाहतोय. माझ्यासाठी. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, पुढचा दात मातीत पडलेला. मी विचारलं, दादा, दुखलं का? तर दादा काय म्हणाला..."

हेडफोनमध्ये खरखर झाली. "जलगाँव, हम आ गए हैं. दे दीजिए."

कामिनीचं बोट बटणावर गेलं. सुकदेवरावांना ते दिसलं. आयुष्यात त्यांनी साहेबांपुढं हात जोडले नव्हते, बढतीसाठी जोडले नव्हते. इथं त्यांचे हात आपोआप जुळले. "पोरी, एवढं वाक्य होऊ दे. हे एकच वाक्य सोनगीरला पोचायचंय गं."

कामिनीनं काकांकडं पाहिलं, पडद्यावरच्या माउलीकडं पाहिलं. बोट बटणावरून उचललं आणि माइकमध्ये म्हणाली, "दिल्ली, रुकिए. यहाँ कीर्तन चल रहा है."

मग दिल्लीतून एक पुरुषी, थकलेला आवाज आला, "अच्छा... पूरा कर लीजिए."

आणि कुंदाबाई म्हणाल्या, "दादा म्हणाला, 'कुंदी, आते दोर पक्का शे. तू बैस.' मंडळी, देव याहून वेगळं काय करतो? आपल्या आधी दुःखाच्या झोक्यावर तो बसून पाहतो, आणि मगच म्हणतो, तू बैस!" मृदंगावर थाप पडली, टाळ उठले, सारा मंडप विठ्ठल विठ्ठल म्हणू लागला. काचेपल्याडची ताईसुद्धा. तेव्हा कुठं कामिनीनं बटण दाबलं.

टुंग.

सोनगीरचा फोन चालूच होता; सुकदेवरावांनी तो पुन्हा कानाला लावला. "दिपमाला? आबा काय करताहेत?"

"पुढला दातनी जागावर जीभ फिरावी राहनात, दादा. टुंग वाजनी, दिल्ली उनी, तरी टीव्ही बंद कया नही. दिल्लीकडेच देखी राहनात."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी सुकदेवरावांच्या दारात एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं टुंग केलं नाही; त्यानं हात धरून एका म्हाताऱ्याला उतरवलं. पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात केळीचा अख्खा घड. सोललेला नाही, सालासकट. म्हातारा उंबऱ्याबाहेरच थांबला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कोन्ही घरमा शे का? मुऱ्हाळी उना शे."

कुंदाबाई उंबऱ्याकडं पाठ करून बसल्या होत्या. गुडघ्यांचा विचार न करता त्या वळल्या. प्रमिलाबाईंच्या डोळ्याला पदर, कॉलनी गॅलरीत, रतिलालभाऊ अर्ध्या जिन्यात. मला वाटलं असतं आता गळाभेट होणार. पण भाऊबहिणीचं असं कुठं असतं?

मगनआबा म्हणाले, "दात एक नही पडना व्हता. दोन पडना व्हतात. टीव्हीवर सांगानं ते खरं सांगानं ना."

"दुसरा तू गुळाची ढेप फोडताना पाडला!" कुंदाबाई म्हणाल्या.

"झोकावरच पडना!"

"मी होते ना तिथं!"

"तू ते हासी राहनी व्हती, तुले काय दिसनं!"

भांडत भांडतच त्यांनी पिशवी भरली, भांडत भांडत दोघं रिक्षात बसली. रतिलालभाऊंनी सल्ला दिला, की वाटेत उन्हाचं फार बोलू नये. तो कुणी ऐकला नाही. यंदा सोनगीरला निंबाच्या फांदीला झोका बांधला, आणि आधी मगनआबाच बसणार म्हणून हट्ट धरून बसले. दिपमालानं खाली गादी टाकून ठेवली होती. सुकदेवरावांचं विचाराल, तर खान्देशात ते आता दात कोरणारे पाटील म्हणून ओळखले जातात, आणि कुणी तसं म्हणालं की मान ताठ करून सांगतात, "हो, मीच."

तर मंडळी, कथा इथं पुरी झाली. आता पांडुरंगाचं नाव घ्याल, कुंदाबाईंचं घ्याल, त्या कामिनी पोरीचंही घ्याल. पण माझी एक विनंती आहे. दिल्लीत एक माणूस आहे. त्याचं नाव आम्हाला कळलं नाही, कधी कळणारही नाही. त्या संध्याकाळी त्याची तार तुटली होती, वरून साहेब ओरडत असतील, सारा देश त्याची वाट पाहत होता. त्याला नशिराबाद ठाऊक नाही, मराठीतलं अक्षर कळलं नसेल. तरी कुठंतरी कीर्तन चाललंय एवढं ऐकून तो थांबला. घरी जाऊन दिवा लावाल, तेव्हा हात जोडताना त्या माणसाची आठवण ठेवा.